गंमतकाकाच्या कॅसेटी

कारखान्यात त्यांना सगळे ‘बघतोसाहेब’ म्हणायचे. स्टोअरच्या खिडकीशी येऊन कुणी काहीही मागितलं, तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असे : “बघतो, असलं तर.” असायचं तर सगळंच. ड्रिलची बिटं, ऑइल सील, रबरी वायसर, जो तो आपापल्या खणात, आपापल्या चिठ्ठीखाली मुकाट बसलेला. डोळे बांधून सोडलं असतं, तरी त्यांनी हवा तो नट बरोब्बर आणून हातात ठेवला असता. पण एक खोड होती. एखादा माणूस डोक्यात गेला, की त्याला लागणारी वस्तू ते कधी ‘नाही’ म्हणायचे नाहीत. फक्त वरच्या फळीवर, मागच्या अंगाला, दोन खोक्यांच्या आड सरकवून ठेवायचे. मग तो फोरमन बिचारा खिडकीशी ताटकळत उभा. आतून शिडी सरकवल्याचा आवाज यायचा, आणि मधूनमधून, “बघतोय हो, बघतोय.”

नोकरी संपली, निरोपाचा हार सुकला, स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला गेल्या. खोड मात्र त्यांनी घरी आणली. फक्त घरात दडवून ठेवावं असं काही नव्हतं.

तेही निघालं. कॅसेटी निघाल्या.

ठमी, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतर लांबच्या शहरात राहते. तिनं कुरियरनं एक वायर पाठवली आणि फोनवर समजावून सांगितलं. “बाबा, ही एका बाजूनं हँडीकॅमला लावायची, दुसऱ्या बाजूनं लॅपटॉपला. कॅसेट चालू केली की आपोआप उतरते. सगळं उतरवून मला हार्ड डिस्क द्या. पुढच्या वेळी आले की नेते.”

“तारखेप्रमाणे लावतो,” बघतोसाहेब म्हणाले. “वर्ष, महिना, कॅसेटीचा नंबर.”

“तारखा कुणाच्या लक्षात राहतायत! माणसांप्रमाणे लावा ना. आईचा एक फोल्डर, माझा एक, तुमचा एक. म्हणजे कुणाची आठवण आली की नेमका तोच उघडायचा.”

बघतोसाहेबांना ते फार पटलं. मालाची जात बघून खण पाडायचे, हे तर त्यांचंच शास्त्र. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून बुटांची जुनी खोकी उतरवली, जेवणाचं टेबल पुसून घेतलं आणि कॅसेटींचे गठ्ठे मांडायला बसले. तळहातात मावतील एवढाल्या त्या कॅसेटी. प्रत्येकीवर त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं : ‘ठमी, शाळेचं स्नेहसंमेलन’, ‘तळ्यावर सहल’, ‘ठमीची सायकल’, ‘घराला रंग’. त्या काळात आख्ख्या चाळीत हँडीकॅम असलेलं त्यांचं एकच घर होतं. ओव्हरटाइम करकरून घेतला होता तो. खांद्याला पट्टा अडकवून बघतोसाहेब जिन्यावरून उतरायला लागले, की शेजारपाजारचे केसांवरून हात फिरवायला लागायचे.

तासाभरात टेबलावर खण पडले. हा ठमीचा. हा बायकोचा. हा सहलींचा. आणि डाव्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, स्वतःचा.

मग गडबड सुरू झाली. शंका आली की ते कॅसेट हँडीकॅममध्ये घालून थोडी चालवून बघत. आणि जी चालवावी तिच्यात साडू! तळ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हत्तीसारखं पाणी उडवणारा साडू. घराला रंग देताना डोक्यावर कागदाची टोपी घालून शिडीवर नाचणारा साडू. स्नेहसंमेलनात ठमी स्टेजवर, आणि सगळ्या पालकांच्या पुढं उभा राहून शिट्ट्या मारतोय कोण? साडू! हा ठमीच्या मावशीचा, म्हणजे धाकटीचा, नवरा. बूट-चपलांच्या दुकानात विक्रेता. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून त्याला असा काही हसवायचा, की बूट चावत असला तरी माणूस घेऊन जायचा. ठमीनं त्याचं नाव ठेवलं होतं गंमतकाका, आणि पुढं ते सगळ्या नात्यात रुळलं.

ठमीच्या खणातल्या निम्म्या कॅसेटी उचलून बघतोसाहेबांना नवा खण करावा लागला. मग सहलींच्या उचलल्या. मग बायकोच्या. साडूचा गठ्ठा वाढत वाढत कलला, म्हणून त्याला बरणीचा टेकू दिला.

डावा कोपरा मोकळाच.

बायको टेबल पुसायला आली. तिनं सगळीकडून फडकं फिरवलं आणि कोपऱ्याशी थांबली. “ही जागा का रिकामी सोडलीय?”

“ती माझी आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिथं चहाचा कप ठेवून गेली.

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण बघतोसाहेब त्या कपाकडं बघत बसले. चहा गार झाला तरी प्यावासा वाटेना. आयुष्यभर आपण कॅमेऱ्याच्या मागं. ऊन अंगावर घेतलं, पट्ट्यानं मान अवघडून घेतली, तळ्यावर सगळे पाण्यात डुंबत असताना आपण काठावर बूट घालून उभे, कॅमेऱ्यावर शिंतोडे नकोत म्हणून. आणि नाव कुणाचं झालं? त्याचं! भाडं आपण भरायचं आणि खिडकीची जागा त्यानं धरायची. पण खरी ठसठस ती नव्हती. खरी ठसठस त्यांनी मनातल्या मनातसुद्धा नीट उच्चारली नव्हती. ती अशी, की त्या कॅसेटींत ठमी त्याच्याकडं बघून हसत होती. मान मागं टाकून, पडलेला दात दाखवत, पोट धरून. बायकोही हसत होती, तोंडावर हात न धरता. आणि उद्या आपल्या माघारी लेक फोल्डर उघडणार, तेव्हा तिच्या लहानपणात बाप नसेल. हा बूटवाला असेल.

दुपारभर त्यांनी स्वतःला शोधलं. शेवटी ज्या डब्यावर त्यांनीच ‘बाद’ असं लिहून ठेवलं होतं, त्यात एक कॅसेट मिळाली. साडूनं एकदा हौसेनं कॅमेरा मागून घेतला होता, तेव्हाची. सगळ्यांची मुंडकी कापलेली, निम्मा वेळ साडूचा अंगठा मध्ये. पण अंगठा बाजूला झाला आणि बघतोसाहेब दिसले! काळे केस, सपाट पोट. ते खुर्चीतून पुढं वाकून बघू लागले. पडद्यावरचे बघतोसाहेब सांगत होते, “अहो, असा नका धरू. दोन्ही हात. दोन्ही हात म्हणतोय ना! पट्टा गळ्यात घाला आधी. ठमे, मध्ये येऊ नकोस. अगं, तिला बाजूला घे!” ठमी बाजूला झाली. बायकोही झाली. पडद्यावर एकटे बघतोसाहेब उरले, हात पुढं करून कॅमेरा परत मागणारे.

त्यांनी ती कॅसेट काढली आणि पुन्हा ‘बाद’मध्ये टाकली.

दोनचार दिवसांत कॅसेटी उतरवायला सुरुवात झाली आणि हँडीकॅम कण्हायला लागला. चित्रात आडवे पट्टे यायला लागले. बघतोसाहेब तो रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडं घेऊन गेले. त्यानं झाकण उघडून आत फुंकर मारली, भिंगातून बघितलं आणि मान हलवली. “हेड घासलंय, काका. सुटे भाग आता मिळत नाहीत. तो चालतोय तोवर जे महत्त्वाचं असेल ते आधी करून घ्या. नंतरच्याचा भरवसा नाही.”

एवढं पुरे झालं. म्हणजे बघा, त्यांनी काही वाईट ठरवलं नाही. घरी येताना वाटेत ते स्वतःला हेच सांगत होते, की महत्त्वाचं आधी, यात चूक काय? लेकीला आईबाप महत्त्वाचे. शाळा महत्त्वाची. घर महत्त्वाचं. नातेवाईक काय, नंतर. घरी आल्या आल्या त्यांनी बरणीचा टेकू काढला, साडूचा गठ्ठा एका खोक्यात नीट बसवला, आणि ते खोकं पलंगाखाली सारलं. भिंतीकडच्या अंगाला. पुढ्यात जुनी इस्त्री, शिलाई मशीनचं झाकण आणि नको असलेल्या सतरंज्या.

मग रोज सकाळी आंघोळ करून ते कॅमेऱ्याशी बसू लागले. ही कॅसेट अशी, की तासाची असली तर उतरवायला तासच लागतो. माणसाला समोर बसून सगळं बघावं लागतं. मनातून ते खूश होते. आता निव्वळ आपलं घर. मध्ये लुडबुड करणारं कुणी नाही. आणि पडद्यावर काय आलं म्हणता? समोरच्या इमारतीची भिंत आली, डावीकडून उजवीकडं, सावकाश. परत उजवीकडून डावीकडं. नवीन कपाट आलं, दारं उघडून, दारं मिटून. ठमी दोन्ही हात मांड्यांना चिकटवून उभी, पोलीस ठाण्यात फोटो काढतात तशी. पाठीमागून बघतोसाहेबांचा आवाज, “हाल जरा. अशी नको, मोकळेपणानं हाल.” मोकळेपणानं हालायचं म्हणजे काय ते पोरीला कळत नव्हतं. ती एक हात वर करायची आणि खाली घ्यायची.

“बाबा, झालं का?”

“अजून थोडं.”

“गंमतकाका कधी येणारेय?”

पडद्याबाहेरच्या बघतोसाहेबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. भरल्या घरात लेकीला बाप पुरत नव्हता? ते उठून खिडकीशी गेले, खाली रस्त्यावर बघत उभे राहिले, पुन्हा येऊन बसले. हा तुकडा गाळता आला असता. पण कॅसेट थांबवून गाळत बसायचं, तर कॅमेऱ्याचा जीव जाणार. उतरला तो तसाच, काकासकट. खोकं पलंगाखाली आणि खोक्यातला माणूस इथं टेबलावर!

जेवताना त्यांनी बायकोला विचारलं. सहज, भाजी वाढून घेता घेता. “तुला साडूभाऊंचं एवढं काय हसू येतं गं?”

“कधी?”

“कधी म्हणजे, नेहमीच. कॅसेटीत बघतोय ना मी.”

“भावोजी वेडेपणाच करतात तसला. हसू नको तर काय करू?”

“मी कधी काही गमतीचं बोललो तर हसत नाहीस ती.”

बायकोनं घास थांबवून त्यांच्याकडं बघितलं. “तुम्ही कधी बोललात?” तिनं अगदी मनापासून विचारलं. आठवून बघत होती बिचारी. बघतोसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि विषय तिथंच गिळला.

एका सकाळी ‘घराला रंग’ची दुसरी कॅसेट चालू असताना आतून करकर आवाज आला, पडदा निळा झाला, आणि कॅमेऱ्यानं फीत चघळून ठेवली. बघतोसाहेबांनी चिमट्यानं फीत सोडवली. बटण दाबलं. एकदा कण्हला आणि गप्प. रेडिओवाल्यानं बघून नुसते हात वर केले.

बायको पदर खोचून शेजारी येऊन उभी राहिली. “जाऊ दे. बरंच झालं की उतरवून. सायकलची उतरवलीत ना?”

“कुठली सायकल?”

“ठमीची. ती सायकल शिकली तेव्हाची. मागून भावोजी धावतायत, आणि त्यांनी सोडून दिल्याचं हिला कळलंच नाही. वळून बघते आणि ओरडते. ती उतरवली ना?”

“बघतो,” बघतोसाहेब म्हणाले. “असेल कुठंतरी. खोक्यांची सरमिसळ झालीय. बघतोय.”

बायको तडक वळली. आत गेली. पलंगाखालच्या सतरंज्या ओढल्याचा आवाज आला, मग मशीनचं झाकण, मग इस्त्री फरशीवर आपटली. खोकं पोटाशी धरून ती बाहेर आली आणि तिनं ते टेबलावर ठेवलं, बरोबर डाव्या कोपऱ्यात.

“अहो, मला फोरमन समजू नका,” ती म्हणाली.

बघतोसाहेबांना वाटत होतं, घरी हे कुणाच्या लक्षात नाही. इतकी वर्षं ते संध्याकाळी येऊन चहाबरोबर त्या फजित्या रंगवून सांगायचे, फोरमन कसा घामाघूम झाला ते, आणि ती भाजी निवडता निवडता ऐकायची. ऐकलं होतं म्हणायचं तिनं सगळं.

“त्यात माझं काय आहे?” ते एकदम उसळले. “तूच सांग. एका तरी कॅसेटीत मी आहे का? घाम माझा, पैसा माझा, आणि जिकडं बघावं तिकडं हा माकडचेष्टा करतोय. लेकीला काय दाखवायचं? बाप कोण होता म्हणून?”

“आणि म्हणून तिचं हसणं पलंगाखाली टाकलंत? त्यांच्यावरचा राग, आणि पोरीचं हसणं घालवायचं?”

बघतोसाहेब खोक्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

बायकोचा आवाज उतरला. “धाकटी मागं एकदा म्हणाली होती, त्यांच्या माळ्यावर असलाच कॅमेरा पडून आहे. विचारून बघा.”

“त्याच्याकडं? हँडीकॅम?” बघतोसाहेबांची मान ताठ झाली. “कधी घेतला? आम्हाला पत्ता नाही! माझं बघून घेतला असणार, दुसरं काय. ईर्षेनं.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना जरा बरं वाटलं. बूटवाल्यानं कॅमेरा घेतला, आणि चालवता आला नाही! धूळ खात पडला! हे तर स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट-चपलांच्या दुकानात पोचले. साडू एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून शिंगानं त्याची टाच बुटात बसवत होता. केस पांढरे झाले होते, पण तोंड तेच. “या या साडूभाऊ! बसा. यांची टाच आत जातेय, पण करंगळी म्हणतेय मी बाहेरच बरी आहे.” गिऱ्हाईक खो-खो हसलं. बघतोसाहेबांनी कपाळाला आठी घातली आणि आल्याचं कारण सांगितलं.

“कॅमेरा?” साडू म्हणाला. त्यानं हातातलं शिंग खाली ठेवलं. मग मालकाला सांगून उठला. “चला. घर मागंच आहे.”

घरात कुणी नव्हतं. धाकटी दवाखान्यात नाव-नोंदणीच्या खिडकीवर बसते, ती कामाला गेलेली. दोन खोल्या, लख्ख. भिंतीवर ठमीच्या लग्नातला फोटो. साडू स्टुलावर चढला, माळ्यावरून एक खोकं काढलं आणि पुसून, दोन्ही हातांनी धरून खाली दिलं. बघतोसाहेबांनी उघडलं. आत कॅमेरा जसाच्या तसा. पट्ट्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. खटके दाबून बघितले, झाकण उघडून आत बघितलं. कोरा. वासही नव्या मालाचा. आणि मॉडेल त्यांच्यापेक्षा एक पायरी वरचं. ते पुन्हा बोचलं.

“वापरलाच नाहीत?” त्यांनी विचारलं. टोमणा तयार होता जिभेवर.

“वापरला की. एकदा.” साडू स्टुलावरच बसला होता. “घेतला तेव्हा मुलासाठी डॉक्टरांचे औषधोपचार चालू होते ना आमचे. म्हटलं, होईल काहीतरी, तर तयारीत असावं. आणला त्या दिवशी चालू केला. धाकटी त्या खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, हस. ती म्हणाली, कुणाला दाखवायचंय? तेवढंच. बंद केला आणि ठेवून दिला वर. नंतर त्या औषधांचंही काही झालं नाही, तुम्हाला माहीतच आहे.”

बघतोसाहेबांना माहीत होतं. म्हणजे, माहीत होतं एवढंच.

“तुमच्यावर जळायचो हो मी,” साडू म्हणाला आणि हसला, नेहमीच्या दुकानी आवाजात. “खरं सांगतो. तुम्ही ठमीच्या मागं तो डोळा लावून फिरायचा, ते बघून आत असं व्हायचं माझ्या. मग काय करणार? तोंड घालायचं मध्ये. माकडउड्या मारायच्या. म्हटलं, मागं उभं राहणं आपल्या नशिबी नाही, तर पुढं तरी शिरू. पोरीच्या एखाद्या कोपऱ्यात आपणही राहू.”

जिभेवरचा टोमणा तिथंच विरघळला. आणि गंमत अशी की, ते ऐकून बघतोसाहेबांना बरं वाटायच्या ऐवजी रागच आला. इतकी वर्षं जपून, घासूनपुसून ठेवलेला त्यांचा मत्सर! या माणसानं दोन वाक्यांत तो हातातून काढून घेतला. आता धड जळायचीही सोय राहिली नाही.

“सगळ्या कॅसेटी आहेत ना?” साडूनं विचारलं. “सायकलवाली? तळ्यावरची? बघायच्या होत्या कधीपासून. पण मागायला जिवावर यायचं. म्हटलं, दुसऱ्याच्या घरचं ते.”

“आहेत,” बघतोसाहेब म्हणाले. “टेबलावरच आहेत. काढूनच ठेवल्यात. रविवारी या, दोघंही. सकाळीच या.”

रविवारी साडू आणि धाकटी आली. साडूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू फोटो काढून घ्यायचा होता. कोऱ्या कॅमेऱ्यानं एका दमात कॅसेट धरली. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. पडद्यावर घरासमोरचा मोकळा रस्ता आला, ऊन, आणि कॅमेऱ्यामागून बघतोसाहेबांचा आवाज : “साडूभाऊ, उजवीकडून या, तुमची सावली पडतेय.” मग ठमी. सायकल डोलतेय. साडू सीट धरून धावतोय, एक चप्पल पायातून उडाली तरी धावतोय. त्यानं हात सोडला. हात तसेच पुढं धरून तो धावत राहिला, म्हणजे तिला वाटावं, अजून धरलंय. ठमीनं वळून बघितलं, ओरडली, आणि असं हसली, की बघतोसाहेबांच्या बायकोनं इकडं धाकटीचा हात गच्च धरला आणि दोघी बहिणी हसायला लागल्या. पडद्यावरही त्याच दोघी हसत होत्या, फाटकाशी उभ्या राहून.

साडू हसत नव्हता. एकही विनोद नाही. खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसला होता, तोंड थोडं उघडं. बघतोसाहेब पडद्याकडं बघायच्या ऐवजी त्याच्याकडंच बघत राहिले.

“साडूभाऊ,” साडू हळूच म्हणाला, “जरा मागं घेता येईल?”

येणार नव्हतं. उतरवणं चालू होतं. मागं घेतलं तर तो तुकडा हार्ड डिस्कवर दोनदा बसणार, सगळा बेशिस्त माल. शिवाय जुनी फीत, पुढंमागं ओढली की ताण. दुसऱ्या कुणाला त्यांनी हे सगळं कारणांसह ऐकवलं असतं.

त्यांनी फीत मागं घेतली. साडूनं पुन्हा हात सोडला, ठमी पुन्हा वळली.

दुपारी फोल्डरला नाव द्यायची वेळ आली. बघतोसाहेबांची बोटं जरा अडली. मग त्यांनी एकेक अक्षर शोधून टाइप केलं, ‘ठमी आणि गंमतकाका’. आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत एका पेनड्राइव्हवर काढून धाकटीच्या पर्समध्ये घातली. ‘बाद’ची कॅसेट बायकोनंच आणून दिली आणि म्हणाली, “हीही उतरवा.” त्यांनी नकाराची मान हलवून बघितली. तिनं ऐकलं नाही. त्या कॅसेटीसाठी ‘बाबा’ नावाचा फोल्डर झाला. त्यात एकच वस्तू.

ठमी येऊन हार्ड डिस्क घेऊन गेली. आठवड्यानं तिचा फोन आला, नेमका साडू चहाला आलेला असताना.

“बाबा, काय सुंदर लावलंय सगळं! फक्त तो सायकलचा तुकडा दोनदा आलाय. एक काढून टाकू का?”

“हात लावू नकोस,” बघतोसाहेब म्हणाले. “आहे तसा असू दे.”

“बरं. आणि तुमचा तो फोल्डर बघितला. किती ओरडताय हो!” ती हसत होती. मोकळं हसत होती. बघतोसाहेबांनी फोन कानाशी घट्ट दाबला. तिनं आणखी काही बोलावं म्हणून थांबले.

“बाबा, काका आहेत का तिथं? आवाज येतोय त्यांचा. द्या ना त्यांच्याकडं!”

पोटात बारीकशी कळ आली. जुनी, ओळखीची. आता त्या कळेला तरी त्यांनी कुठं लपवावं? साडू कप खाली ठेवून अर्धवट उठला होता, आणि उठू की नको अशा बेतानं त्यांच्याकडं बघत होता.

“घ्या,” बघतोसाहेब म्हणाले आणि फोन पुढं केला. “दोन्ही हातांनी धरा. परवाच घेतलाय.”